मज्जातंतूंचा आजार आणि घरचे ताट

मागच्या उन्हाळ्यात हळदीच्या बेण्याविषयी सांगायला एका गावी गेलो होतो. सभा संपल्यावर ओळखीचे एक आबा मागे थांबले. म्हणाले, "साहेब, कोणत्या पिकाला काय घालावं ते तुम्ही सांगता. आमच्या लेकीनं काय खावं तेवढं सांगा. एक म्हणतो दूध बंद करा, दुसरा म्हणतो गहू बंद करा. पोरीच्या ताटात आता काही उरलंच नाही."

मुलगी तीस वर्षांची. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एम. एस., हा आजार आहे. आधी एका डोळ्याने अंधुक दिसू लागले, मग पायांना मुंग्या, पुढे चालताना तोल जाऊ लागला. मी काही डॉक्टर नव्हे, म्हणून लगेच उत्तर दिले नाही. घरी येऊन वाचले, जाणत्या डॉक्टरांना विचारले, आणि जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

आजार कसा होतो?

मोटारपंपाच्या वायरीचे वेष्टन उंदराने कुरतडले की वीज नीट पोचत नाही. मेंदूतील आणि पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंवरही असेच वेष्टन असते. या आजारात शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच त्या वेष्टनावर उलटते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी 1868 साली त्याचे नीट वर्णन केले. आजार बहुधा 20 ते 40 या वयात सुरू होतो आणि स्त्रियांत जास्त आढळतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

बहुतेक रोग्यांना सुरुवातीला झटका येतो आणि काही आठवड्यांनी तो आपोआप ओसरतो. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी.

नॉर्वेतील शेतकरी आणि कोळी

आहाराविषयीचा संशय शेतकऱ्यांच्या घरांवरूनच आला. रॉय स्वँक या डॉक्टरांनी नॉर्वेतील सहकाऱ्यांसह तेथील खेड्यांचा अभ्यास करून तो 1952 साली प्रसिद्ध केला. दूध-लोणी भरपूर खाणाऱ्या आतल्या भागातील शेतकऱ्यांत हा आजार जास्त दिसला, तर किनाऱ्यावरच्या मासे खाणाऱ्या कोळ्यांत कमी. स्वँक यांनी 1948 च्या अखेरीपासून कॅनडातील माँट्रियल येथे रोग्यांना लोणी व चरबी कमी असलेला आहार सुरू केला होता. 144 रोग्यांची 34 वर्षांची हकिकत त्यांनी 1990 साली मांडली. ज्यांनी लोण्या-चरबीसारखे थिजणारे स्निग्ध पदार्थ दिवसाला 20 ग्रॅमच्या आत ठेवले, त्यांची प्रकृती कमी ढासळली होती.

मग आजच तूप बंद करावे काय? थोडे थांबा. आपण नव्या खताचे प्रात्यक्षिक घेतो, तेव्हा शेजारी खत न दिलेला एक पट्टा राखतो. तो नसेल तर पीक खताने आले की पावसाने, हे कसे कळणार? स्वँक यांच्या प्रयोगात असा पट्टा नव्हता. ज्यांची प्रकृती मुळात बरी, त्यांनाच पथ्य पाळणे जमले असेल, हेही शक्य आहे. 2020 साली कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी आहाराच्या 30 चाचण्या तपासल्या. कोणत्याही एका आहाराने हा आजार आटोक्यात येतो असे म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही.

आबांच्या लेकीचे काय झाले ते पाहा. एका गृहस्थाने औषधे बंद करून तिला फळांच्या रसावर ठेवले. दोन महिन्यांत झटका ओसरला, घरात पेढे वाटले गेले. सात महिन्यांनी पुन्हा झटका आला, आणि तेव्हापासून हाती काठी आली. झटका आपोआप ओसरला होता, श्रेय मात्र रसाला मिळाले.

ड आणि ब-12

माशांतून आणि उन्हातून ड जीवनसत्त्व मिळते. ते रक्तात भरपूर असलेल्यांना हा आजार कमी होतो, असे अमेरिकी सैनिकांच्या 2006 सालच्या अभ्यासात गोऱ्या सैनिकांच्या बाबतीत दिसले. पण आजार झाल्यावर ते देऊन पाहिले, तर सगळ्या चाचण्यांचे निकाल सारखे आले नाहीत. रक्त तपासून कमी असेल तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून घ्यावे. मनानेच जादा घेतल्यास रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.

शाकाहारी घरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ब-12 जीवनसत्त्व कमी पडले तरी हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो. ते दूध-दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. त्याची तपासणी जरूर करून घ्यावी.

ताटात काय असावे?

• भाकरी किंवा चपाती, डाळ-उसळ, पालेभाजी, फळ. तेल-तूप बेताने. जवसाची चटणी चांगली, पण ते औषध नव्हे.
• या आजारात बद्धकोष्ठ फार. कोंड्यासकट पिठाची भाकरी आणि पुरेसे पाणी हवे. लघवीची घाई होते म्हणून पाणी तोडू नये. त्याने त्रास वाढतो.
• वजन वाढू देऊ नये आणि खंगूही देऊ नये.
• पातळ पदार्थ पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगावे.
• विडी-सिगारेट पूर्ण बंद. तिने आजार अधिक बळावतो.
• उन्हाच्या तापाने त्रास वाढतो. शेतकाम सकाळी उरकावे, गार पाणी जवळ ठेवावे.
• औषध कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नये.

आबांच्या लेकीची औषधे आता पुन्हा सुरू झाली आहेत. काठी सुटलेली नाही, पण अंगावर थोडे मांस आले आहे. परवा आबांनी विचारले, "साहेब, वाटीभर दही चालेल ना?" मी म्हटले, "डॉक्टरांनी मना केलं नाही ना? मग खुशाल द्या. आणि तिचं ताट वेगळं मांडू नका, सगळ्यांच्या पंगतीतच बसू द्या."