शाळेला अक्षर, मास्तरांना गुण

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात २०१२ साली शाळांना श्रेणी देण्याचे काम चालू होते. उत्तम शाळेला 'ए', मग बी, सी, डी, आणि नापास शाळेला 'एफ'. हिशेब जुळत आला तेव्हा खात्याच्या ध्यानात आले की, राज्याचे शिक्षणप्रमुख टोनी बेनेट ज्या शाळेचे नेहमी कौतुक करीत, तिच्याच वाट्याला 'सी' येतो आहे. धावपळ झाली, सूत्रात फेरफार झाला आणि शाळा 'ए'वर गेली. पुढच्या वर्षी खात्यातला आतला पत्रव्यवहार वर्तमानपत्रांत आला. तोवर बेनेट फ्लोरिडा राज्याचे शिक्षण आयुक्त झाले होते. त्यांना ते पद सोडावे लागले.

गोष्ट इथे संपत नाही. नंतरच्या चौकशीत असे निघाले की, सूत्र बदलायला पटण्याजोगे कारण होते. शाळेत वरचे वर्ग नुकतेच सुरू झाले होते, अकरावी-बारावी नव्हतीच, आणि बदललेला नियम इतर शाळांनाही लावला होता. मला हा उत्तरार्ध जास्त महत्त्वाचा वाटतो. शाळा तीच, मुले तीच, उत्तरपत्रिका त्याच. आणि समर्थन करता येईल अशा दोन हिशेबांतून एकदा 'सी' निघतो, एकदा 'ए'.

वाचकहो, ही पद्धत कुणा दुष्टाच्या डोक्यातून निघाली नव्हती. फ्लोरिडात १९९९ साली, गव्हर्नर जेब बुश यांच्या काळात, शाळांना अशी अक्षरे मिळू लागली. आईबापांना शाळेचा लांबलचक अहवाल कळत नाही, अक्षर कळते, हा त्यामागचा विचार. २००२ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. त्याने गरीब मुले, कृष्णवर्णीय मुले, घरी इंग्रजी न बोलणारी मुले यांचे निकाल वेगळे मांडायला लावले. तोवर शाळेच्या एकूण सरासरीखाली ही मुले झाकली जात. झाकण निघाले हे चांगलेच झाले, आणि ते श्रेय त्या कायद्याला द्यायला हवे.

अडचण सुरू झाली ती अक्षराला पैसा आणि नोकरी बांधल्यावर. आपल्यापैकी पुष्कळांना शाळातपासणी आठवत असेल. साहेब यायच्या आदल्या दिवशी वर्ग सारवले जात, फळा कोळशाने काळा केला जाई, आणि दोन-तीन पोरांना मास्तर हळूच सांगत, "उद्या नाही आलास तरी चालेल रे." त्या दोन-तीनांत मी असे, गणितापायी. तेव्हा पणाला लागलेला असे फक्त साहेबांचा शेरा. अमेरिकेत नोकऱ्या पणाला लागल्या, तेव्हा उत्तीर्णतेच्या काठावर असलेल्या मुलांवर सारी मेहनत होऊ लागली; फार वरची आणि फार खालची मुले हिशेबातून गेली. अटलांटा शहरात शिक्षकांनी उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्या. २०११च्या अहवालात १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांची नावे आली आणि २०१५ साली अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरवले.

मग सुधारणा निघाली: मुले कुठे आहेत हे न पाहता वर्षभरात किती पुढे सरकली ते पाहावे, आणि ती सरक ज्या त्या शिक्षकाच्या नावावर मांडावी. कल्पना न्याय्य वाटते. पण सगळ्याच विषयांची राज्यपरीक्षा होत नाही. फ्लोरिडात २०११च्या कायद्याने मूल्यमापनाचा मोठा भाग परीक्षेच्या गुणांवर ठेवला, आणि चित्रकलेच्या किंवा पहिलीच्या शिक्षकाला त्याने कधी न शिकवलेल्या मुलांच्या गुणांवरून जोखले गेले. शिक्षक न्यायालयात गेले. २०१४ साली न्यायाधीश म्हणाले की हे अन्यायाचे आहे, पण घटनाबाह्य नाही. ह्यूस्टनमध्ये गुण काढायचे सूत्र एका खाजगी कंपनीच्या मालकीचे होते. शिक्षकाला आपला गुण पडताळून पाहायची सोयच नव्हती. तिथे २०१७ साली न्यायालयाने शिक्षकांची ही तक्रार ऐकण्याजोगी ठरवली, आणि असे गुण दाखवून कुणाला काढणार नाही अशी तडजोड झाली. अमेरिकेच्या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने २०१४ मध्ये सांगितले होते की, मुलांच्या गुणांतल्या फरकापैकी सुमारे १ ते १४ टक्केच शिक्षकामुळे पडतो असे बहुतेक अभ्यास दाखवतात. उरलेला फरक घर, भूक, भाषा, आजारपण, शाळेची व्यवस्था आणि निव्वळ योगायोग यांतून येतो. याचा अर्थ शिक्षक बिनमहत्त्वाचा असा नाही. आकड्यात तो नीट पकडता येत नाही, एवढाच. २०१५च्या अखेरीस नवा कायदा आला आणि शिक्षकाचे मूल्यमापन कसे करावे हे राज्यांना सांगायचा केंद्राचा अधिकार काढून घेतला गेला.

हे सारे नवे वाटत असेल, तर दीडशे वर्षे मागे चला. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांनी शाळांचे अनुदान निकालाला बांधले. तपासणीस यायचा; वाचन, लेखन, अंकगणित यांपैकी मूल जितक्या विषयांत नापास, तितकी रक्कम कापली जायची. कवी मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा-तपासणीस होते. यामुळे शिकवणे यांत्रिक होईल म्हणून त्यांनी पहिल्यापासून विरोध केला. झालेही तसेच, मुले अख्खे पुस्तक तोंडपाठ करू लागली. तीच पद्धत मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांपर्यंत पोचली.

१८८२ साली हंटर आयोग आला. १९ ऑक्टोबरच्या तारखेने जोतीराव फुल्यांनी त्याला पुण्याहून निवेदन दिले. ते निवेदन ब्राह्मणी वर्चस्वावरच्या टीकेसाठी आठवले जाते, आणि ते रास्तच आहे. पण त्यात निकालावर पैसे देण्याच्या पद्धतीविषयीही स्पष्ट मत आहे. गरीब, शिक्षणाची गोडी अजून न लागलेल्या लोकांसाठी ही पद्धत मुळीच उपयोगाची नाही. अशा वस्तीत शाळा काढून कुणा मास्तराचे पोट भरणार नाही, तिथे सरकारनेच शाळा चालवल्या पाहिजेत, असे ते सांगतात. निकालावर पैसा म्हटले की, ज्यांची मुले आधीच तयार असतात त्यांच्याच शाळा जगतात.

फुले तपासणीच्या विरुद्ध होते असे मात्र कुणी समजू नये. उलट त्यांची तक्रार होती की दिपोटी वर्षातून एकदा येतो, त्याने काय होणार? निदान तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देता यावे. (म्हणजे आम्हा गणितवाल्यांना घरी बसवायला मास्तरांना वेळच मिळाला नसता.) मास्तराचा पगार वाढवावा आणि गावच्या कारभारात त्याला काही काम द्यावे, म्हणजे त्याचा मान वाढेल, हेही त्यांनी सुचवले. शाळा वारंवार पाहायची आणि मास्तराला पोटापुरते द्यायचे, या दोन गोष्टी त्यांनी मागितल्या होत्या. अमेरिकेने त्या एका अक्षरात बांधल्या, आणि सोडवायला वीस वर्षे खर्च केली.

आपल्याकडेही वारे त्याच बाजूला आहे. २०१७-१८पासून केंद्र सरकार राज्यांना शालेय शिक्षणाची श्रेणी देते, आणि २०२०च्या राष्ट्रीय धोरणात प्रत्येक राज्यात शाळांचा दर्जा पाहणारे प्राधिकरण सुचवले आहे. उद्या शाळेच्या दारावर अक्षर लागले तर ते आपल्या मराठी शाळांना कसे लागेल याचा विचार आजच करायला हवा, मग ती शाळा बेळगावची असो, बडोद्याची की इंदूरची. आपल्या शाळांचा दुखरा भाग पट. वर्गात बारा मुले असतील आणि एकाला परीक्षेच्या दिवशी ताप आला, तर निकाल आठ टक्क्यांनी पडतो. नॉर्थ कॅरोलायना राज्याचे निकाल तपासणाऱ्या अभ्यासकांना हेच दिसले: यादीच्या अगदी वर आणि अगदी खाली लहान शाळा जास्त सापडतात, आणि पुढच्या वर्षी त्या तिथे नसतात. शिक्षक तेच असतात. एवढ्यावर कुणी 'शाळा घसरली' म्हणाले, आईबापांनी दोन मुले काढली, की पट दहा; पुढचा फेरा आणखी जोरात.

म्हणून आपल्या गावच्या मराठी शाळेविषयी असा एखादा कागद हाती आला, तर मंडळाच्या बैठकीत काही गोष्टी विचाराव्यात. निकाल एका वर्षाचा की तीन वर्षांचा मिळून? परीक्षेला किती मुले बसली, आणि त्या दिवशी घरी कोण राहिले? प्रश्नपत्रिका मुलांच्या शाळेच्या भाषेत होती का? आणि श्रेणी देणारा माणूस वर्गात किती वेळ बसला होता?