पगाराचं सॉफ्टवेअर आणि कॅनडाची फजिती

एच.आर. म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो कॅम्पस इंटरव्ह्यू. पण नोकरीला लागल्यावर एच.आर.ची खरी किंमत कळते ती पगाराच्या दिवशी. हजेरी, रजा, बढती, पगार हे सगळं आता सॉफ्टवेअर सांभाळतं. त्याने कागद वाचतो, माणसं कमी लागतात, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ते खोटं नाही. फक्त कामाचे नियम आधी नीट समजलेले हवेत, आणि ते समजणारी माणसं तोवर जागेवर हवीत. कॅनडा सरकार नेमकं इथेच फसलं.

२००९ साली तिथे ४० वर्षं जुनी पगाराची सिस्टीम बदलायचं ठरलं. नव्या सिस्टीमचं नाव 'फिनिक्स'. तयार पीपलसॉफ्ट पॅकेज, बसवणार आयबीएम. वर्षाला ७ कोटी डॉलर वाचतील असा हिशोब होता. कसे? तर ४६ खात्यांत पगाराचं काम बघणाऱ्या सुमारे १२०० जणांच्या जागा रद्द करायच्या आणि मिरामिशी या छोट्या गावात ५५० जणांचं एकच केंद्र काढायचं.

गोम इथेच आहे. पगाराचे नियम होते ८०,००० हून जास्त! जुन्या सिस्टीममध्ये जे बसत नव्हतं ते ही अनुभवी मंडळी हाताने निस्तरत. म्हणजे अर्धी सिस्टीम कॉम्प्युटरमध्ये आणि अर्धी त्यांच्या डोक्यात.

२०१२ मध्ये आयबीएमने २७.४ कोटी डॉलर खर्च सांगितला. मंजूर होते १५.५ कोटी. मग काय, अधिकाऱ्यांनी फंक्शन्सच कापली. मागच्या तारखेपासूनचा फरक काढायची सोयसुद्धा गेली. एका खात्यात आधी ट्रायल घ्यायची होती, तीही रद्द. (सबमिशनच्या आदल्या रात्री टेस्टिंग आपणही असंच गाळतो. पण आपल्या प्रोजेक्टवर कोणाचं घर चालत नाही!)

२०१६ च्या फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये फिनिक्स सुरू झालं. कोणाला पगार कमी, कोणाला जास्त, कोणाला चक्क शून्य. बढती घेतली तर पगार बिघडेल, म्हणून बढती नाकारणारेही निघाले. आता सांगा, अशा ऑफिसात कामात लक्ष कोणाचं लागणार?

२०१८ मध्ये तिथल्या महालेखापरीक्षकांनी याला आकलनापलीकडचं अपयश म्हटलं. त्याच वर्षी सरकारने फिनिक्स बदलायचं जाहीर केलं. वाचणारे ७ कोटी तर दूरच, तुंबलेल्या तक्रारी उपसायला पगाराच्या कामासाठी पुन्हा शेकडो माणसं भरावी लागली.