कुवेतचे दोन भाऊ आणि त्यांचं संगीत



शंकर-जयकिशन, नौशाद, सी. रामचंद्र ही आपल्या पिढीची आवडती नावं. माझ्या यादीत आणखी एक नाव आहे: सालेह अल-कुवेती. ते यहुदी होते आणि त्यांचा जन्म 1908 साली कुवेतमध्ये झाला. धाकटे भाऊ दाऊद 1910चे. वडील बसऱ्याहून तिथे गेलेले व्यापारी.

आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे त्यांची पहिली वाद्यं हिंदुस्थानातून आली. काका व्यापारासाठी इकडे आले होते. परत जाताना त्यांनी पुतण्यांसाठी भेट नेली, सालेहला व्हायोलिन आणि दाऊदला ऊद. तेव्हा कुवेतच्या बाजारात आपला रुपयाच चालायचा; तो 1961 पर्यंत चालला.

कुवेतमध्ये उस्ताद खालेद अल-बक्र यांच्याकडे शिकून भाऊ पुढे बसरा आणि बगदादला गेले. सालेहनी शेकडो चाली बांधल्या. उम्म कुलसूम बगदादला आल्या तेव्हा त्यांनीही सालेहची चाल शिकून गायली. 1936 मध्ये बगदाद रेडिओ सुरू झाला, त्याचा वाद्यवृंद सालेहनीच उभा केला. 'आलिया वा इसाम' या सुरुवातीच्या इराकी चित्रपटाचं संगीतही त्यांचंच.

हे संगीत ऐकायचं कसं? आपल्याकडे राग, तसा त्यांच्याकडे मकाम. 'हिजाझ' मकामाचे पहिले चार सूर म्हणजे आपल्या भैरवाचे सा, कोमल रे, ग, म. म्हणून तो कानाला परका वाटत नाही. पण 'बयाती'सारख्या मकामात दोन पट्ट्यांच्या मधला सूर लागतो. आपल्या कीर्तनातल्या पेटीवर तो मिळणारच नाही! व्हायोलिन आणि ऊदाला पडदे नसतात, बोट हवं तिथे ठेवता येतं. आधी नुसतं व्हायोलिन ऐका, मग त्याच्यामागे चालणारा ऊद, आणि शेवटी गाणाऱ्याचा आवाज. शब्द कळले नाहीत तरी दुःख कळतं.

1951 मध्ये दोघे इस्राएलला आले. पोटासाठी तेल अवीवच्या हतिक्वा वस्तीत दुकान चालवलं. कोल इस्राएलच्या अरबी विभागात वाजवत राहिले. तिकडे इराकमध्ये गाणी वाजत होती, पण 'पारंपरिक' म्हणून. नावं पुसली गेली होती. दाऊद 1976 मध्ये गेले, सालेह 1986 मध्ये. नंतर 2009 साली हतिक्वातल्या रस्त्याला त्यांचं नाव मिळालं, आणि 2011 मध्ये दाऊदच्या नातवानं, दुदू तासानं, त्यांची गाणी नव्यानं गायली.

'पारंपरिक' हा शब्द कधीकधी फार निष्ठुर असतो बघा. कोणीतरी रात्र जागून बांधलेली चाल असते ती. आपल्या मराठी कीर्तनांच्या, लग्नातल्या गाण्यांच्या चाली कोणी बांधल्या, घरात त्या कोण म्हणायचं, हे आज आपल्यालाच ठाऊक आहे. नातवंडांना गाणं शिकवताना नावही सांगा, आणि वहीत लिहून ठेवा.