पोटावरची पिशवी : निवडीचे तीन प्रश्न

‘स्टोमा’ या ग्रीक शब्दाचा अर्थ तोंड. कर्करोग, आतड्याचा तीव्र दाह, अपघात किंवा जन्मजात व्यंग यांमुळे मल वा मूत्राची नेहमीची वाट वापरता येत नाही, तेव्हा शल्यविशारद आतड्याचा भाग पोटावर आणून तेथे नवे तोंड करतात. ते मिटून ठेवणारा स्नायू तेथे नसतो. म्हणून त्यावर पिशवी लावावी लागते.

घरगुती वापरातल्या वैद्यकीय वस्तूंचा मागोवा मी गेली काही वर्षे घेते आहे. चष्मा, कवळी, कुबडी यांविषयी लोक मोकळेपणाने बोलतात. या पिशवीपाशी आले की आवाज खाली जातो. त्यामुळे होते असे, की जी पिशवी पहिल्यांदा हाती येते तीच माणूस वर्षानुवर्षे लावत राहतो. ती गळू लागली तर दोष पिशवीच्या निवडीला न देता स्वतःच्या नशिबाला देतो आणि बाहेर पडणे सोडतो. माझ्या परिचयातल्या एका आजींनी कीर्तनाला जाणे असेच थांबवले होते.

शस्त्रक्रिया जुनी आहे. १७९३ साली फ्रान्समधील ब्रेस्ट येथे द्युरे यांनी गुदद्वार नसलेल्या, काही दिवसांच्या अर्भकावर ती केली आणि ते मूल पुढे ४५ वर्षे जगले. सुटसुटीत पिशवी मात्र फार उशिरा आली. तोवर कापड, रबर, धातूचे डबे आणि पट्टे यांवरच भागवावे लागे. १९५४ साली डेन्मार्कमधील परिचारिका एलिसा सोरेन्सन यांची बहीण थोरा शस्त्रक्रियेनंतर गळतीच्या भीतीने घराबाहेर पडेना. तेव्हा एलिसांना चिकट कडे असलेल्या, वापरून टाकून देता येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीची कल्पना सुचली. आजच्या पिशव्या याच कल्पनेचे वारस आहेत.

या इतिहासात आपल्या जंगलाचाही वाटा आहे. सातपुड्यात उन्हाळ्यात पांढऱ्याशुभ्र खोडाने उठून दिसणारे कांडोळाचे झाड अनेकांनी पाहिले असेल. त्याचा डिंक जगाच्या बाजारात ‘कराया’ म्हणून ओळखला जातो. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकचे डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५०च्या दशकात तो स्टोमाभोवतीच्या कातडीच्या रक्षणासाठी वापरला, कारण तो ओलसर कातडीलाही धरून राहतो. पुढे पेक्टिन, जिलेटिन आणि सेल्युलोज यांच्या मिश्रणाच्या चकत्या आल्या, त्या अधिक टिकाऊ ठरल्या.

आता निवडीकडे येऊ. सर्वांत चांगली पिशवी कोणती, हा प्रश्नच फसवा आहे. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : बाहेर काय येते? मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा स्टोमा असेल, तर मल बराचसा घट्ट असतो आणि दिवसातून एकदोनदा येतो. तेथे बंद तळाची, भरली की टाकून देण्याची पिशवी चालते. लहान आतड्याचा असेल, तर पातळ स्राव दिवसभर चालू राहतो आणि त्यातले पाचक रस कातडी जाळतात. तेथे तळाशी उघडणारी पिशवीच हवी. मूत्रासाठीच्या पिशवीला तळाशी तोटी आणि आत उलट प्रवाह रोखणारी झडप असते. रात्री तिला नळीने मोठी पिशवी जोडता येते. कोणतीही पिशवी काठोकाठ भरू देऊ नये. तिसरा हिस्सा ते निम्मी झाली की रिकामी करावी, नाहीतर तिच्या वजनाने चकती उचकटते.

दुसरा : पोटाचा आकार कसा आहे? हे उभे राहून नव्हे, बसून पाहावे. आपण मांडी घालून जेवतो, उकिडवे बसून खुरपणी करतो, भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसतो. अशा वेळी पोटाला घडी पडते आणि त्या घडीतून गळती सुरू होते. स्टोमा कातडीच्या बराच वर असेल तर सपाट चकती पुरते. कातडीच्या पातळीत किंवा खाली गेला असेल तर फुगीर चकती लागते, पण ती तज्ज्ञ परिचारिकेच्या सल्ल्यानेच घ्यावी. चकतीचे छिद्र स्टोमापेक्षा दोनतीन मिलिमीटरच मोठे असावे. शस्त्रक्रियेनंतरची सूज सहाआठ आठवड्यांत उतरते. म्हणून माप पुन्हा घ्यावे; जुन्याच मापाने कापत राहिल्यास कातडी उघडी पडून सोलवटते.

तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही : हात आणि दिवस कसे आहेत? एकसंध पिशवी पातळ असते, कपड्यांखाली दिसत नाही. पण बदलताना दर वेळी कातडीवरून सोलून काढावी लागते. दोन भागांच्या प्रकारात चकती साधारण तीनचार दिवस राहते आणि पिशवी तेवढी बदलता येते. मात्र तिचे कडे दाबून बसवायला बोटांत जोर लागतो. संधिवात असलेल्या आजींना ते जमत नाही. पारदर्शक पिशवीतून सुरुवातीच्या काळात स्टोमाचा रंग तपासता येतो. पुढे बहुतेकांना अपारदर्शक बरी वाटते. वायू सोडणारी गाळणी असलेली पिशवी आतून धुतली, तर गाळणी भिजून निकामी होते. खर्च वाचवण्यासाठी पिशवी धुऊन वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

काही गोष्टी निव्वळ आपल्याकडच्या आहेत. परकराची किंवा पायजम्याची नाडी नेमकी स्टोमावर येऊ नये, यासाठी शस्त्रक्रियेआधीच, रुग्णाला बसवून, उभे करून, वाकवून पोटावर जागेची खूण करून घ्यावी. कोकणातल्या दमट हवेत चकती लवकर सुटते. तिथल्या माणसाने पुण्यातल्या माणसाचे वेळापत्रक पाळू नये. दिवाळीचे अभ्यंगस्नान खुशाल करावे, फक्त चकतीच्या जागी तेल लागू देऊ नये, कारण तेलकट कातडीवर ती चिकटत नाही.

आजींची अडचण अखेर दुसऱ्या प्रश्नात सापडली. चकती सपाट होती आणि कीर्तनात दोन तास मांडी घालून बसावे लागे. परिचारिकेने बसलेल्या स्थितीत पोट पाहून चकती बदलून दिली. रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी दोनतीन प्रकारचे नमुने मागून घ्यावेत, प्रत्येक लावून जमिनीवर बसून पाहावे. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. तेथे स्टोमा असलेली माणसेच दुसऱ्यांना समजावून सांगतात. विचारायला लाजू नये. हा प्रश्न पोटाला पडलेल्या घडीचा आहे, अब्रूचा नाही.