टेकूवरची इमारत

डोंगरीतल्या आमच्या गल्लीत नवा माणूस आला की त्याला पहिली सूचना मिळते, ‘डाव्या बाजूनं चाला.’ उजव्या बाजूला ‘ती’ इमारत आहे. चार मजले, लाकडी गॅलऱ्या, तिसऱ्या मजल्यावर भिंत फोडून आलेला पिंपळ आणि खाली टेकूंची रांग. टेकूंनी अर्धी गल्ली अडवली आहे. हातगाडी वाकडी करून न्यावी लागते, अॅम्ब्युलन्स नाक्यावरच थांबते. मुलांचं क्रिकेट बंद झालं, घुशींचा मात्र सुकाळ आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला चार शिव्या घालतो.

मी देत नाही. माझा जन्म तिथल्या दुसऱ्या मजल्यावरचा. लग्नानंतर मी समोरच्या इमारतीत आलो. त्यामुळं तिला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून मी पाहिलं आहे.

आधी सांगतो, अशी इमारत मरते कशी. जुन्या मुंबईतली पुष्कळ घरं लाकडी सांगाड्याची. सागवानी खांब, तुळया, मधे चुन्यात बसवलेली वीट. लाकूड कोरडं राहिलं तर शंभर वर्षं हूं की चूं करत नाही. पण तुळईचं टोक भिंतीत असतं आणि भिंतीला लागून मोरी. मोरीचं पाणी झिरपतं, टोक आतल्या आत कुजतं, वाळवी उरलेलं काम करते. बाहेरून रंग लावलेला, त्यामुळं कळत काही नाही. जिथं लोखंडी गर्डर आहेत तिथं गंज चढतो. गंजलेलं लोखंड फुगतं आणि भोवतालची वीट फोडतं. वर आपण माळे चढवतो, पाण्याच्या टाक्या ठेवतो, लाद्या बसवतो. ओझं वाढत जातं, पाय मात्र तेच.

आता तुम्ही विचाराल, वेळीच दुरुस्ती का केली नाही? इथंच खरी मेख आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागेची टंचाई झाली. भाडेकरूंची लूट होऊ नये म्हणून भाडेनियंत्रण आलं आणि १९४७च्या कायद्यानं बहुतेक जुन्या घरांची भाडी १९४०च्या पातळीवर बांधली गेली. हेतू चांगलाच होता. त्या कायद्यामुळंच आमच्यासारखी कुटुंबं शहरात टिकली. पण महागाई वाढत गेली, भाडं जागच्या जागी राहिलं. आमच्याकडं भाडं मागायला येणाऱ्या मेहताजींचं टॅक्सीभाडंही त्यातून सुटत नसे. मालक म्हणे, ‘मी कशाला खर्च करू?’ भाडेकरू म्हणे, ‘भिंत मालकाची, मी कशाला करू?’ पुढं १९९९च्या नव्या कायद्यानं दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा दिली. पण मूळ आकडाच इतका लहान, की त्याचे ४ टक्के म्हणजे काय होणार!

सरकारनं १९६९च्या कायद्यानं इमारत दुरुस्ती मंडळ काढलं. मालमत्ता कराबरोबर उपकर घ्यायचा आणि त्यातून दुरुस्ती करायची, अशी योजना. म्हणून या इमारतींना ‘उपकरप्राप्त’ म्हणतात. सुरुवातीला त्या १९,६४२ होत्या. दुरुस्तीच्या खर्चाला मर्यादा ठरलेली, इमारती मात्र हजारोंनी. मग काय, टेकू लावायचे. तात्पुरता लावलेला टेकू पोराबाळांच्या लग्नापर्यंत टिकतो.

इमारत नामांकित असली तर वाचते, असंही नाही. नोकरीनिमित्त मी रोज काळा घोड्यावरून जायचो. तिथं एस्प्लनेड मॅन्शन उभी आहे, पूर्वीचं वॉटसन हॉटेल. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून १८६०च्या दशकात इथं आणून जोडला. ७ जुलै १८९६ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं मुंबईनं तिथंच प्रथम पाहिली. २००५मध्ये तिचा काही भाग कोसळून एक माणूस गेला. जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचं नाव लागलं. शेवटी २०१९मध्ये ती रिकामी करावी लागली. तिची ही गत, तर आमच्या गल्लीतल्या बिननावाच्या इमारतीला कोण विचारतो?

३१ ऑगस्ट २०१७ला आमच्या शेजारी, भेंडीबाजारात, पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली. ३३ माणसं गेली. त्यानंतर गल्लीनं अर्ज केला, ‘ही इमारत ताबडतोब रिकामी करा.’ मराठी बरं लिहितो म्हणून मजकूर माझा आणि पहिली सहीही माझी.

आतली शेवटची बिऱ्हाडं सहा. त्यांतलं एक खालाचं. खाला माझ्या आईची मैत्रीण, तिच्या हातची खीर खाऊन मी वाढलो. अर्जाचं कळल्यावर तिनं मला जिन्यात गाठलं.

“बेटा, अर्ज तू लिहिलास?”

“हो खाला. छत पडेल तुमच्या अंगावर.”

“छत पडलं तर एकदाच मरेन. खोली गेली तर या शहरात माझं कोण? तू अर्जात छताचं लिहिलंस, माझ्या खोलीचं काय लिहिलंस?”

मी काहीच लिहिलं नव्हतं. त्यानंतर दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही.

मंडळी, धोकादायक घरात माणसं हट्टानं राहतात, असं आपण म्हणतो. तो हट्ट नसतो, हिशेब असतो. संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबं तिथंच म्हातारी झालेली त्यांनी पाहिलेली असतात. म्हणून चौकशी केली, तेव्हा मला आधीच ठाऊक असायला हवी होती ती गोष्ट कळली. धोकादायक म्हणून इमारत पाडली, तरी भाडेकरूचा हक्क त्यामुळं बुडत नाही. रिकामी करताना कोण किती जागेत राहतं, याची मापं घेऊन नोंद व्हायला हवी, असं मुंबई उच्च न्यायालयानंही बजावलं आहे.

१६ जुलै २०१९ला डोंगरीतलीच केसरबाई इमारत पडली. मग मी दुसरा अर्ज लिहिला. त्यात आधी खोल्यांची मापं मागितली, नंतर इमारत रिकामी करण्याचं लिहिलं. मापं झाली. सहाही बिऱ्हाडं निघाली. खाला आता मुंब्र्याला लेकीकडं असते. मापाचा दाखला तिनं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला आहे. ईदला फोन करते, बोलते.

इमारत मात्र उभीच आहे. मालकाच्या वारसांत दावा चालू आहे. आता कायद्यात आणखी एक वाट आहे. मालकानं सहा महिन्यांत पुनर्विकासाचा प्रस्ताव दिला नाही, तर भाडेकरूंच्या संस्थेला संधी, तीही हुकली तर म्हाडा जागा घेऊ शकते. या दुरुस्तीला २०२२मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. खालासारख्या सहा जणांना पुन्हा एकत्र बसवून संस्था करायची खटपट सध्या मी करतो आहे.

तोवर दर मे महिन्यात आम्ही पालिकेच्या मागं लागून पिंपळ छाटून घेतो. बाहेरच्या भिंतीवरच्या तड्यांवर काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवून घेतल्या आहेत, त्यांवर तारीख आहे. पट्टी फुटली की समजायचं, तडा चालतो आहे. लगेच वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज आणि त्यावर आवक शिक्का. तुमच्या गल्लीतही अशी इमारत असेल. दारं एकाएकी अडकू लागली, वरून वाळू गळू लागली, रात्री कडकड आवाज आला, तर थांबू नका. पण अर्ज लिहाल तेव्हा आत राहणाऱ्यांना आधी विचारा. माझ्या पहिल्या अर्जात तेवढंच राहून गेलं होतं.