ट्रॅक्टरच्या दिव्यांचा बिघाड : शोध व दुरुस्ती

आश्विन लागतांच शहापूर व मुरबाड तालुक्यांत भातकापणीची तयारी सुरू होते आणि पावसाळाभर उभी असलेली ट्रॉली बाहेर निघते. तिचे मागील दिवे लागत नाहींत, हें बहुधा तेव्हांच कळतें. दिवसा त्यावांचून अडत नाहीं. परंतु पेंढ्याचे भारे भरून अंधारांत माळशेजच्या किंवा नाशिकच्या हमरस्त्यास लागावें, तर मागून येणाऱ्या मोटारवाल्यास ट्रॉली दिसत नाहीं व गोष्ट जिवावर बेतते. सबब हा बिघाड घरच्या घरीं कसा शोधावा, तें येथें सांगतों.

बॅटरींतील विद्युत्प्रवाह तारेनें दिव्यापर्यंत जातो व ट्रॅक्टरच्या लोखंडी सांगाड्यांतून परत येतो. या परतीच्या वाटेस कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. जाण्याची व येण्याची, दोन्ही वाटा अखंड असल्या तरच दिवा लागतो. आपल्याकडील दमट हवेंत स्क्रूखालील सांधे गंजतात, आणि भाताच्या लोभानें आलेले उंदीर तारांचें आवरण कुरतडतात. बहुतेक बिघाडांचें मूळ हेंच होय.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल कचेरींत गेलें. हद्दीचा तंटा निघाला असतां ज्या दगडाविषयीं वाद नाहीं तेथून मोजणी धरावी, हा तेथील शिरस्ता. तोच येथें पाळावा. १२ व्होल्टचा लहान बल्ब घेऊन त्यास दोन तारा जोडाव्या. एक टोंक सांगाड्याच्या घासून स्वच्छ केलेल्या लोखंडास लावावें. दुसरें क्रमानें बॅटरीचें धन टोंक, फ्यूजच्या दोन्ही बाजू, बटण व शेवटीं दिव्याचें घर यांस लावून पाहावें. बल्ब जेथें विझेल, तेथें व त्याच्या मागील ठिकाणाच्या दरम्यान दोष आहे असें समजावें. घरापर्यंत प्रवाह येत असून दिवा न लागल्यास दिव्याचा बल्ब तरी गेला आहे, किंवा अर्थ तरी तुटला आहे.

ट्रॉलीचा अर्थ पुष्कळदां केवळ जोडखिळीवर अवलंबून असतो, व तेथें गंज आणि वंगण साचतें. याकरितां ट्रॉलीपासून ट्रॅक्टरपर्यंत अर्थाची निराळी तार ओढावी.

फ्यूज वारंवार जळत असल्यास बहुधा कोठेंतरी उघडी तार लोखंडास टेंकलेली असते. फ्यूजऐवजीं जाड तार कदापि घालूं नये. मग फ्यूज वितळत नाहीं; तारच तापून लाल होते, आणि वर पेंढा भरलेला असतो!

दुरुस्तीपूर्वीं बॅटरीचें ऋण टोंक प्रथम सोडावें व शेवटीं जोडावें. जवळ विडी ओढूं नये. कुरतडलेला भाग कापून तितक्याच जाडीची तार घालावी, सांधा डाखून त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी, व तार धुराड्यापासून दूर बांधावी. अलीकडील ज्या ट्रॅक्टरांत इंजिनाचें नियमन इलेक्ट्रॉनिक यंत्रणेनें होतें, त्या यंत्रणेच्या तारांस मात्र हा बल्ब लावूं नये. तें काम जाणत्या कारागिराचें आहे.

कापणीपूर्वीं एक सायंकाळ यासाठीं राखावी. एकानें आसनावर बसून बटणें दाबावीं, दुसऱ्यानें मागें उभें राहून दिवे पाहावे. शिवाय ट्रॉलीच्या मागें प्रकाश परतविणारी लाल पट्टी चिकटवावी. तीस ना तार लागते, ना फ्यूज.