जंगलाचा नकाशा (लेखांक ६) : अंशांचे मीटर करताना

वनहक्क समितीने गावाची सीमा चालून जीपीएसवर बिंदू कसे नोंदवावेत, ते मागच्या लेखांकात पाहिलं. नाल्याचं वळण, टेकडीचा माथा, सीमेवरचं मोहाचं झाड, सगळं आता अक्षांश-रेखांशांत वहीत उतरलं आहे. पण दावा हेक्टरमध्ये करायचा असतो, आणि अंश हे कोनाचं माप आहे, जमिनीचं नव्हे.

गडचिरोलीच्या आसपास एक अक्षांश म्हणजे जमिनीवर सुमारे ११०.७ किलोमीटर, तर एक रेखांश सुमारे १०४.६ किलोमीटर. दोन्ही सारखेच धरले तर क्षेत्रफळ पाच टक्क्यांहून जास्त चुकतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यातले पाच टक्के म्हणजे नव्वद हेक्टर. इतक्या जंगलातला बांबू आणि तेंदूपत्ता कोणाचा, हा प्रश्न कोणत्याही ग्रामसभेला परवडणारा नाही.

म्हणून अंशांचे मीटर करायचे. त्यासाठी आपल्याकडे यूटीएम ही पद्धत सर्रास वापरतात. तिच्यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे ६० उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडले आहेत. आपला झोन काढायला रेखांशात १८० मिळवा, ६ ने भागा, अपूर्णांक सोडा आणि १ मिळवा. चंद्रपूर शहर ७९.३ अंशांवर आहे. उत्तर येतं ४४. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे याच झोनमध्ये बसतात. झोनची मधली रेषा ८१ अंशांवर आहे आणि तिला ५ लाख मीटर हा आकडा दिला आहे, म्हणजे तिच्या पश्चिमेलाही उणे आकडे येत नाहीत. उत्तरेकडचं अंतर विषुववृत्तापासून मोजतात.

गडचिरोली शहराच्या दक्षिणेला सुमारे वीस किलोमीटरवर २० अंश उत्तर आणि ८० अंश पूर्व या रेषा एकमेकींना छेदतात. त्या बिंदूचं रूपांतर केलं की पूर्वेचा आकडा ३,९५,३९१ मीटर येतो आणि उत्तरेचा २२,११,७९४. क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे काम क्षणात होतं: मूळ बिंदूंना अक्षांश-रेखांशांचा कोड, ईपीएसजी ४३२६, द्या आणि थर झोन ४४ च्या कोडमध्ये, म्हणजे ३२६४४ मध्ये, साठवा. दोन्ही जिल्हे मधल्या रेषेच्या पश्चिमेला असल्याने पूर्वेचा आकडा पाच लाखांच्या आतच यायला हवा. नसेल तर थांबा, काहीतरी बिघडलंय.

सर्वांत घातक चूक झोनची. पुण्या-मुंबईकडचा झोन ४३. तिकडे बनवलेली फाइल जशीच्या तशी वापरली, तर वरचा बिंदू तेच आकडे घेऊन सहा अंश पश्चिमेला, सिन्नर-निफाडकडे जाऊन पडतो. आकड्यांकडे नुसतं पाहून हे कळत नाही. दुसरी चूक अंश-मिनिटांची. ७९ अंश ३० मिनिटं म्हणजे ७९.५, कोणी ७९.३० लिहिलं की बिंदू एकवीस किलोमीटर सरकलाच.

जुन्या टोपोशीटचा घोळ वेगळा आहे. वर सांगितलेल्या बिंदूवर ५५पी, ५६एम, ६४डी आणि ६५ए या चार शीटांचे कोपरे जुळतात, त्यामुळे इथल्या बऱ्याच गावांना एकाहून जास्त शीट लागतात. त्यांचा पाया ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, त्याचा प्रमुख विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये शेजारच्या हिंगणघाटलाच वारला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने पृथ्वीचा जो आकार १८३० मध्ये मांडला, त्यावर हे जुने नकाशे आहेत. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस ८४ वर चालतं. त्यामुळे अक्षांश-रेखांश तेच ठेवून बिंदू जुन्या शीटवर मांडला, तर तो शंभराहून जास्त मीटर बाजूला दिसतो. नाला सीमेच्या आत की बाहेर, हे एवढ्या अंतरात उलटू शकतं. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर निघालेल्या ओपन सिरीज नकाशांना डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएम हाच आधार आहे. ते मिळत असतील तर तेच घ्यावेत.

यूटीएमही अगदी बिनचूक नाही. मधल्या रेषेवर माप मुद्दाम ०.९९९६ पट ठेवलं आहे. त्यामुळे मेंढ्यासारख्या क्षेत्रात सपाट नकाशावर एक-सव्वा हेक्टर कमी भरतं. क्यूजीआयएसमध्ये पृथ्वीचा गोलाकार धरून क्षेत्रफळ काढायची सोय आहे. ग्रामसभेने ती वापरावी आणि नकाशावर झोन ४४ व डब्ल्यूजीएस ८४ हे दोन्ही ठळक लिहावं.

पुढच्या आठवड्यात : हा नकाशा वनविभागाच्या कक्ष क्रमांकांशी कसा जुळवायचा.